लॅमिनेट केलेलं मेमरी कार्ड

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. ‘आपल्या महाविद्यालयाच्या माजी शिक्षिका, शांत, संयमी व मनमिळाऊ स्वभावाच्या राऊत मॅडम यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यांना मेमो देणाऱ्या प्राचार्यांचेही हात त्या रांगेत होते.

शांत, संयमी, मनमिळाऊ. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला आणि मला राग आला. मला राग येतो, पण तो मी सहसा कोणाला दाखवत नाही. माणूस गेला की त्याचा स्वभाव बदलून टाकायचा अधिकार ह्या लोकांना कोणी दिला? राऊत मॅडम शांत नव्हत्या. संयमी तर मुळीच नव्हत्या. आणि त्यांचं मन ज्यांच्याशी मिळायचं, अशी डहाणूतली सगळी माणसं एका स्कूटीवर मावली असती. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. इथे लिहिते.

त्यांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी असिस्टंट म्हणून लागले तेव्हा नुकतीच बीएस्सी झाले होते. शाळा इंग्लिश मीडियम, घर डहाणूचं, आणि स्वभाव असा की रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणावं लागू नये म्हणून मी पुढे कोणी उतरेल तिथे उतरायची आणि मागे चालत यायची. लॅबच्या दारावर मॅडमच्या हातची नोटीस होती : ‘मशीन चालत नाही, असे सांगत येऊ नये.’ पहिल्याच आठवड्यात मी नेमकं तेच सांगत गेले.

“मॅडम, कार्ड रीडर चालत नाही.”

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. “चालत नाही म्हणजे काय?”

“म्हणजे... काही दिसत नाही.”

“तू काय लावलंस, कुठे लावलंस, लावल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणून बसतेस का?”

मी खरं तर तसंच करते.

“इंग्लिश मीडियम ना तू? मग ये इकडे आणि वाच.” त्यांनी कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली, एक कमांड दिली आणि स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावत सुटल्या. आमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम होती. लिनक्समध्ये मशीनला जे जे होतं ते सगळं ते लिहून ठेवतं. कुठली वस्तू जोडली, कुठली काढली, कुठे वीज कमी पडली, कुठे काही वाचता आलं नाही. मॅडम त्या ओळींना ‘कुरकुर’ म्हणायच्या. रीडर काढून पुन्हा लावायच्या आधी त्या स्क्रीनकडे बघून म्हणायच्या, “हं, बोला.” मशीनला अहो-जाहो. माणसांना मात्र तसं नव्हतं. “मशीन खोटं बोलत नाही. त्याला कळत नाही तेव्हाही ते तसं सांगतं. आपल्या स्टाफमध्ये एक तरी असा आहे का?”

त्या दिवशी कुरकुर वाचल्यावर कळलं की मी रीडर ज्या पोर्टमध्ये लावला होता, त्या पोर्टला पुरेशी वीजच मिळत नव्हती. मागच्या बाजूला लावल्यावर कार्ड लगेच दिसलं. तेव्हापासून त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. मी ‘इंग्लिश मीडियम’ होते. तिथले दिवस मी त्याच नावाने काढले आणि मला ते आवडायला लागलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

लॅबमध्ये लिनक्स आलं त्याचीही गोष्ट रागाचीच होती. आधी सगळ्या मशीनवर चोरून टाकलेलं विंडोज होतं. दर आठवड्याला कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा आणि बाजारातला एक माणूस येऊन सगळं पुन्हा चढवून जायचा. मॅडमनी एका मे महिन्याच्या सुट्टीत एकटीने सगळी मशीन पुसून लिनक्स टाकलं. संस्थेचे सचिव विचारायला आले तेव्हा म्हणाल्या, “चोरीचा माल पुढ्यात ठेवून मी मुलांना शिकवणार नाही. तुम्ही विकत आणा, मी लगेच परत टाकते.” ते विकत आणणार नव्हते. मुलं लिनक्सला ‘मॅडमचं विंडोज’ म्हणायची.

कॉलेज समुद्राच्या बाजूला. खाऱ्या हवेने रीडरच्या आतल्या पट्ट्या हिरव्या व्हायच्या. मॅडम एका वेफर्सच्या रिकाम्या डब्यात सगळे रीडर ठेवायच्या, आणि त्यात नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिला गृहपाठ हाच असायचा, घरात कोणी बूट घेतले तर पुडी आणणे. “आणि नसेल घेतले तर?” एका मुलाने विचारलं. “तर तुझ्या बापाला विचार, चपलेला किती वर्षं झाली, आणि मग मला सांगू नकोस.” त्या एवढं कडू बोलायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा अनवाणी येतो हे बघून गुपचूप चप्पल आणून द्यायच्या, असलं काही मी लिहिणार नाही. तसं झालं नाही. मुलगा रिकाम्या हाताने आला, त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्याला मशीन दिलं.

त्यांच्या घरची चिकूची वाडी होती आणि त्यांना चिकूचा तिटकारा होता. “चिकू खाऊन माणूस विचार करत नाही. झोपतो. बघ ना हा तालुका.” डब्यात नेहमी सुक्या जवळ्याची चटणी, आणि ती लॅबमध्ये उघडायला इतरांना बंदी आणि त्यांना परवानगी.

प्राचार्यांची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ग्रुपवर त्यांनी हातांबरोबर गुलाबही टाकला होता. बक्षीस समारंभाचे फोटो त्यांना बघायचे होते. त्यात एका फोटोत ते व्यासपीठावर, पाहुण्यांच्या शेजारी, तोंड उघडं टाकून झोपलेले दिसत होते. तो फोटो त्यांना कार्डावरून काढून टाकायचा होता आणि मशीन काढू देत नव्हतं. ते थेट स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, “हे लिनक्स आता बंद करा. आपल्याच कॉलेजचे फोटो आणि आपल्यालाच अधिकार नाही, हा काय प्रकार आहे? मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करायला शिका.”

मॅडमनी कार्ड मागितलं. छोटं कार्ड ज्या मोठ्या खोळीत घालतात, त्या खोळीच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती खाली असली की कार्डावरचं काही बदलता येत नाही. मॅडमनी नखाने ती वर सरकवली आणि कार्ड परत दिलं. इथे त्यांनी थांबायला हवं होतं. कोणीही थांबलं असतं. त्या म्हणाल्या, “लिनक्स नाही सर, खिट्टी. तुमचा झोपलेला फोटो आता निघेल. जागे असलेले मला सापडले नाहीत.”

मेमो आला. त्यांनी तो लॅबच्या बोर्डाला टाचणीने लावला.

पण त्यांचा राग दर वेळी योग्य जागी पडायचा असं नाही, आणि तेही सांगायला हवं, नाहीतर मीही ग्रुपवाल्यांसारखीच होईन. गंजाडहून मनीषा नावाची एक मुलगी यायची. दोन बस बदलून. हुशार होती, पण घाबरट, माझ्यासारखीच. तिने एकदा प्रोजेक्टचं कार्ड मशीनला न सांगता खसकन ओढून काढलं आणि पूर्ण वर्गाचं काम अर्धवट लिहिलं जाऊन बिघडलं. मॅडम तिच्यावर ओरडल्या. असं ओरडल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला. दुसऱ्या दिवसापासून मनीषा आलीच नाही.

आठवड्याने मॅडम स्कूटीवर गंजाडला गेल्या. मला मागे बसवलं, कारण वाटेत कोणाला पत्ता विचारावा लागला तर त्यांना ते आवडत नसे. म्हणजे पत्ता मी विचारायचा. मी. मनीषाचा बाप अंगणात पेंढा बांधत होता. मॅडमनी माफी मागितली नाही. म्हणाल्या, “हिला पाठवा. बाकीच्यांवर ओरडून उपयोग नाही, त्यांना कळत नाही.” त्यांच्या हिशेबी ती माफीच होती. बाप म्हणाला, “ती कंपनीत लागली, मॅडम. पॅकिंगला. गाडी न्यायला येते, सोडायला येते.” मॅडम पेंढ्याकडे बघत राहिल्या. येताना पूर्ण रस्ताभर बोलल्या नाहीत आणि नंतरही कितीतरी दिवस लॅबमध्ये फक्त पंख्याचा आवाज असायचा. त्यांना स्वतःवर आलेला राग हा असा असायचा, बिनआवाजी. मला तो जास्त भीतीदायक वाटायचा.

आता लखमाकाका.

आमच्या लॅबचे शिपाई बारकूभाऊ. त्यांचे मेहुणे लखमाकाका उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर राहायचे; थोडी भातशेती, बाकी मजुरी. पाड्याखालून एक ओहोळ जातो, बाया तिथे पाणी भरतात. काही दिवसांपासून पाण्याला वास येत होता. लखमाकाकांनी पाळत ठेवली. एका सकाळी उजाडता उजाडता त्यांना ओहोळावरच्या रस्त्याच्या मोरीवर कंपन्यांचं केमिकल वाहणारा टँकर उभा दिसला, त्याचा पाइप खाली सोडलेला. त्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. ड्रायव्हरने बघितलं, हातातून मोबाइल हिसकावला आणि ओहोळात फेकला. पाण्यातून काढला तोवर मोबाइल मेला होता. आतलं मेमरी कार्ड लखमाकाकांनी काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनाच चौकीवर बोलावणं आलं. टँकरवाल्याने तक्रार दिली होती की लखमाने गाडी अडवून त्याला मारलं. कुठली चौकी ते मी लिहीत नाही. लखमाकाका म्हणाले, मारलं नाही, माझ्याकडे व्हिडिओ आहे. तिथले साहेब म्हणाले, “मग तो मूळ पुरावा. जपून ठेव. खराब करून आणलास तर मी ऐकणार नाही, आत घेईन.”

लखमाकाकांनी कार्ड जपलं. तलासरीला एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते लॅमिनेट करून घेतलं.

प्लास्टिकच्या दोन पारदर्शक थरांच्या मधोमध ते नखाएवढं काळं कार्ड, भोवती बुडबुड्यांची कड. चौकीत ते दाखवल्यावर सगळे हसले. साहेबांनी एक दिवसाची मुदत दिली. तलासरीतल्या मोबाइलवाल्याने हात लावायला नकार दिला. म्हणाला, “जळलं असणार आत. फेका.” म्हणून बारकूभाऊ त्यांना आमच्याकडे घेऊन आले. दुपार होती. ऑफिसातले साटम क्लार्क काहीतरी कामाला लॅबमध्ये आले होते, त्यांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं आणि हसायला लागले.

“काका, आधार कार्ड समजलात काय ह्याला?”

लखमाकाका बारकूभाऊंकडे बघत म्हणाले, “साहेब बोलला जपून ठेव. मी जपला. घरातला सगला कागद असाच हाय.” आणि मग, साटमना नाही, मॅडमना सांगितलं, “बापाची दाव्याची पावती होती, जंगलजमिनीची. पावसात भिजली. हापिसात बोलले, फाटलेली चालत नाय. तेव्हापासून मी सगला बंद करून घेतो. कागद भिजला की माणूस खोटा होतो, मॅडम.”

मॅडमनी साटमकडे हात पुढे केला. त्यांनी कार्ड दिलं.

“साटम, तुमची डिग्री कुठे असते?”

“घरी.”

“कशी ठेवलीय?”

“लॅमिनेट करून.”

“मग कशाला हसताय? जा, तुमच्या टेबलावर जाऊन हसा.”

साटम गेले. हे लिहिताना मला अजून त्या हसण्याचा राग येतो. माझ्या दहावीच्या मार्कशीटपासून सगळं वडिलांनी लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलं आहे आणि त्यांना कोणी हसत नाही. ऑफिसं वर्षानुवर्षं एका माणसाला शिकवतात की मूळ प्रत जप, नाहीतर तू खोटा. तो शिकतो, सांगितलं त्याच्याही पुढे जाऊन शिकतो, आणि मग तीच ऑफिसं त्याला हसतात.

मॅडमनी ब्लेडने कडा कापल्या. बारकूभाऊ म्हणाले, “गरम केलं तर सुटेल ना?” मॅडम म्हणाल्या, “एकदा भाजलंय तेवढं पुरे.” एका कोपऱ्यातून प्लास्टिक सोलायला त्यांनी इतका वेळ घेतला की लखमाकाका आधी उभे होते ते बाकावर बसले. कार्ड बाहेर आलं. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर गोंदाचा थर होता. तो त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने नरम केला आणि खोडरबराने हळूहळू गोळा केला. मग कार्ड खोळीत, खोळ रीडरमध्ये.

“हं, बोला,” त्या मशीनला म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, “वाच.”

मी वाचलं. रीडर सापडला होता. कार्ड नव्हतं.

“गेला काय?” लखमाकाकांनी विचारलं.

“‘नाही’ लिहिलंय का गं?”

“मीडिया मिळत नाही असं लिहिलंय.”

“मग तेच सांग. त्याला दिसत नाहीये. नसणं वेगळं.” लखमाकाकांकडे वळून म्हणाल्या, “रीडरचे डोळे सारखे नसतात, भाऊ. दुसरा बघू.”

दुसऱ्या रीडरने कार्ड ओळखलं, पण वाचताना ठेचकाळत राहिला. स्क्रीनवर त्याच त्या चुकांच्या ओळींची रांग लागली. तिसरा रीडर डब्याच्या तळाचा होता, जुना, मंद, त्याची एक बाजू चिकटपट्टीने धरलेली. त्याने कार्ड पकडलं. कार्डाचा आकार आला, नाव आलं. मी फोल्डर उघडायला माउस हातात घेतला आणि मॅडमनी माझ्या मनगटावर पट्टी मारली.

“मूळ कार्ड उघडायचं नाही. आधी पूर्ण कार्डाची प्रत. जे करायचं ते प्रतीवर.”

प्रत व्हायला लागली. मध्येच आकडे थांबत, वाचता न आलेली जागा सोडून पुढे जात, मग परत मागे येऊन ती जागा पुन्हा चाचपत. लखमाकाकांना इंग्लिश येत नव्हतं, पण ते त्या आकड्यांकडे असे बघत होते जसं दवाखान्यात माणूस बंद दाराकडे बघतो. बारकूभाऊंनी चहा आणला. कोणी प्यायलं नाही.

प्रत जवळपास पूर्ण झाली. त्यात तो व्हिडिओ होता, आणि तो उघडेना. मॅडमनी बराच वेळ शिव्या दिल्या, मशीनला नाही, टँकरवाल्याला. मोबाइल पाण्यात पडला तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. फाइल नीट बंदच झाली नव्हती. पुस्तक आहे, पण त्याला अनुक्रमणिका नाही आणि पानांना नंबर नाहीत, असं काहीसं. ते जुळवायला त्याच मोबाइलवर काढलेला दुसरा, धड असलेला व्हिडिओ हवा होता.

“भाऊ, ह्या मोबाइलवर आणखी काही काढलं होतंत?”

लखमाकाका एकदम लाजले. “हाय एक. पण तो नको.”

“का नको?”

“बायको हाय त्याच्यात.”

आम्ही तो लावला. व्हिडिओत एक बाई चुलीपुढे बसून भाकर थापत होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता बोलत होती, “माझा काय फोटो काढतो? जा, कोंबडी शिरली बघ घरात. कोंबडीचा काढ.” बारकूभाऊ हसले. “बहीण आहे माझी,” ते मला म्हणाले, जणू ओळख करून देत होते. मॅडमही हसल्या असाव्यात, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या भाकरीच्या व्हिडिओचा नमुना दाखवून मॅडमनी टँकरचा व्हिडिओ जुळवून घेतला. मधली काही चित्रं फुटकी आली, चौकोन चौकोन झालेली. पण दिसलं. मोरी, टँकरची मागची बाजू, पाइप, पिवळट पाणी. लखमाकाकांचा आवाज, “भाऊ, खाली पोरी पाणी भरतात. बंद कर.” मग ड्रायव्हर येताना, हिंदीत आईवरून शिवी देताना. त्याचा पंजा पूर्ण स्क्रीनभर. मग आभाळ, मग पाणी, मग अंधार, आणि अंधारात लखमाकाकांचा आवाज, “मारू नको. मारू नको.”

मॅडमनी व्हिडिओ मागे नेला, टँकरच्या मागच्या नंबर प्लेटवर थांबवला आणि मोठा केला. प्लेटवर चिखल थापलेला होता. उडालेला नाही, हाताने थापलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी रजा टाकली आणि मला घेऊन निघाल्या. लखमाकाका आणि बारकूभाऊ शेअरच्या वडाप जीपने चौकीवर आधीच पोचले होते. साहेबांच्या टेबलावर मॅडमनी स्वतःचा लॅपटॉप ठेवला, कार्ड एका पाकिटात, प्रत दुसऱ्या पाकिटात. साहेबांनी व्हिडिओ बघितला. शेवटच्या अंधारापर्यंत बघितला, हे मी मान्य करते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “गैरसमज झाला असेल. मी त्याला सांगतो, तो तक्रार मागे घेईल. जा रे लखमा तू. आधीच दाखवायचं ना हे.”

लखमाकाकांचे खांदे खाली आले. बारकूभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते झालं होतं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

“आणि टँकरचं?” मॅडमनी विचारलं.

“कुठल्या टँकरचं?”

“ह्या.”

“नंबर कुठे दिसतोय, मॅडम? चिखल आहे त्याच्यावर.”

“ड्रायव्हर तुमच्याकडे तक्रार द्यायला आला होता. तक्रारीत गाडीचा नंबर असेल.”

“असेल ना. पण तक्रार मागे घेतली की ती फाइल बंद. बंद फाइलमधला नंबर मी तुम्हाला कसा देणार?”

“मला नका देऊ. तुम्ही वापरा.”

“कशाच्या आधारावर? तक्रार तर राहिलीच नाही.”

ते अगदी सौम्यपणे बोलत होते, आणि त्यांना स्वतःला ते बरोबर वाटत होतं. मॅडम उभ्या राहिल्या. मी त्यांना ओरडताना पुष्कळदा ऐकलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. “म्हणजे हा माणूस खोटा असताना तुमच्याकडे नंबर होता, आणि हा खरा निघाल्यावर नंबर नाही? असं कसं चालतं तुमचं? कोणती फाइल आहे ती, मला दाखवा. उघडा. तुम्हाला उघडता येत नसेल तर मी उघडते.” बाहेरचे हवालदार आत आले. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, मी मान ठेवतोय.” मॅडम म्हणाल्या, “ठेवू नका.”

तेव्हा लखमाकाका बोलले. हळू. “मॅडम, आता सोडा. मना घरी जाऊ द्या. तिथेच राहायचा हाय मना.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्यावरही त्या चिडतील असं मला वाटलं, पण चिडल्या नाहीत. मूळ कार्ड साहेबांना दिलं नाही. प्रत टेबलावर ठेवली, ती मिळाल्याची सही घेतली, आणि कार्ड लखमाकाकांच्या हातात दिलं. त्यांनी ते रुमालात बांधून खिशात ठेवलं. जीप भरत होती. ते आत बसले, बारकूभाऊ मागे लटकले, आणि जीप गेली.

आम्ही हायवेने चारोटीकडे निघालो. माझा कॉलेजमधला तो शेवटचा आठवडा होता. नवी मुंबईत नोकरी लागली होती, बॅग भरायची राहिली होती. मॅडम एरवी स्कूटी रस्त्याच्या मधोमध चालवायच्या, त्या दिवशी कडेने चालवत होत्या. मध्येच एका हॉटेलपुढे त्यांनी ब्रेक दाबला. हॉटेलच्या बाजूच्या मोकळ्या जागेत टँकर उभे होते, एकाला लागून एक, लांबपर्यंत, मागच्या नंबर प्लेटा चिखलाने माखलेल्या. ड्रायव्हर खाटांवर पडलेले, कोणी कपडे वाळत घातलेले.

“उतर,” मॅडम म्हणाल्या. “तलासरीहून डहाणूची बस येईल मागून, तिने जा. आई वाट बघत असेल.”

“तुम्ही?”

“मला वेळ लागेल.”

थांबू का, असं विचारायला हवं, एवढं तेव्हाही कळत होतं, पण माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत त्या गेल्याही होत्या. बस आली. मी खिडकीशी बसले. मॅडमनी स्कूटी स्टँडवर लावली होती, पाण्याची बाटली काढली होती आणि पहिल्या टँकरच्या मागे त्या उकिडव्या बसल्या होत्या. ओढणीचं टोक भिजवून त्या नंबर प्लेट पुसत होत्या, वरपासून खालपर्यंत, फळा पुसतात तशी. पुसून झाल्यावर मागे सरल्या आणि फोटो काढला. तोंडात ब्रश असलेला एक ड्रायव्हर येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. मॅडमनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं असावं, कारण तो बाजूला झाला, आणि त्या पुढच्या टँकरकडे गेल्या.